आलेले नाव पुन्हा तपासू नये

समोर उभ्या असलेल्या माणसाला मी आधी मृत ठरवलं, आणि पुढच्या महिन्यात तो जन्मलाच नव्हता असं लेखी दिलं. दोन्ही कागदांवर माझी सही आहे. चहा उकळेपर्यंत ऐकायचं असेल तर ऐका, पण मधेच 'असं कसं होईल?' असं विचारायचं नाही. जे झालं ते कचेरीच्या कागदावर झालं, आणि तिथे होऊ शकत नाही असं काही नसतं.

गोष्ट साठ सालानंतरची. मी राहायला लोणावळ्याला, वलवणच्या अंगाला, आणि नोकरी खाली तालुक्याच्या कचेरीत. पद कारकुनाचं. सकाळच्या गाडीने खाली उतरायचं, संध्याकाळच्या गाडीने वर चढायचं. गाडीत दुसरा उद्योग नसल्यामुळे मी वाचत असे. तर्कशास्त्र, गणितातली कोडी, असलं काही. असा मी हळूहळू वाचलेला माणूस झालो. आणि वाचलेला कारकून म्हणजे काय असतो तुम्हाला सांगतो. न वाचलेला कारकून समोर आलेली फाईल पुढे सरकवतो. वाचलेला तिच्यात सुधारणा करतो.

त्या वर्षांत आमच्याकडे वतनाच्या जमिनींचं काम आलं होतं. पिढ्यान्पिढ्या गावाची सांगकामं ज्यांच्या माथी मारली होती, त्या कुटुंबांकडे वतन म्हणून थोडीथोडी जमीन असे. ही बहुतेक कुटुंबं छप्पन साली बौद्ध झालेली. सरकारने वतनं बंद केली आणि त्या जमिनी त्यांच्या नावावर मालकीने करून द्यायचं ठरवलं. काम चांगलं होतं. ते माझ्या टेबलावर आलं, एवढंच त्याचं दुर्दैव.

अट एकच होती. वतनाच्या रजिस्टरात ज्याचं नाव सर्वांत आधी लिहिलेलं, त्या मूळ पुरुषापासून अर्जदारापर्यंतची वाट दाखवायची. बाप, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, असं करत, मधे एकही पायरी न गाळता. आणि मामलेदारसाहेबांचा सक्त हुकूम होता की अर्जदाराच्या तोंडावर विसंबू नका, दप्तरावर विसंबा. जमिनीचं नाव काढलं की लोक कोणालाही आजोबा म्हणतात, असा त्यांचा अनुभव होता.

दप्तर म्हणजे रुमालात बांधलेली तीन जाड पुस्तकं. सगळ्यांत जुनं मोडीत लिहिलेलं. ज्या घराण्याची ही गोष्ट, त्यांचा मूळ पुरुष रामा. रामाला चार मुलगे. त्यांना मुलगे, त्यांच्या मुलांना मुलगे. कोणी निपुत्रिक गेला, कोणी मुंबईला गिरणीत गेला, कोणी चुलत्याला दत्तक गेला. शे-दोनशे नावांचं ते झाड, आणि फांद्या तीन पुस्तकांत विखुरलेल्या. प्रत्येक नावापुढे त्याच्या मुलांची पानं लिहिलेली असत आणि मागे बापाचं पान. माझ्या आधीचे कारकून पानावर बोट ठेवून खाली खाली जात. चहा आला की बोट उचलत आणि चहा संपला की दुसऱ्याच फांदीवर ठेवत.

मी ते थांबवायचं ठरवलं. एका आठवड्याच्या गाडीप्रवासात मी शोधाची एक पद्धत लिहून काढली. तिला नाव दिलं 'वंशशोध पत्रक'. चार कलमं. एक, हाती घेतलेलं नाव हेच अर्जदाराचं असेल तर थांबावं आणि आलेली वाट लिहून काढावी. दोन, नसेल तर त्याच्या थोरल्या मुलाचं नाव हाती घ्यावं, आणि त्याला हेच पत्रक कलम एकपासून पुन्हा लावावं. तीन, थोरल्याच्या खाली कुठेच सापडला नाही तर मागे येऊन त्याच्या पाठच्याला घ्यावं. चार, मुलगा नसेल किंवा मुलगे संपले असतील तर एक पायरी वर यावं.

बघा, यातली गंमत दुसऱ्या कलमात आहे. पत्रक स्वतःलाच बोलावतं. रामासाठी काढलेलं पत्रक त्याच्या मुलाला लागतं, मुलाला लागलेलं नातवाला. झाड कितीही मोठं असो, पत्रक चारच ओळींचं. मी ते लिहिलं तेव्हा खंडाळ्यापासून मळवलीपर्यंतच्या सगळ्या डोंगरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं, असं मला वाटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कामाला लागला. त्याला मी हा कागद दाखवला. तो म्हणाला, "काका, याला आम्ही रिकर्शन म्हणतो." मी विचारलं, चांगलं असतं का ते? तो म्हणाला, "चांगलं असतं, पण कुठे थांबायचं आणि कुठून परतायचं हे नीट सांगावं लागतं. नाहीतर यंत्र वेडं होतं." त्या वेळी आमच्या कचेरीत यंत्र नव्हतं. वेडं व्हायला मी होतो.

पहिल्याच आठवड्यात पत्रक अडकलं. चौदाव्या पानावर किसन नावाचा इसम होता. त्याच्यापुढे लिहिलेलं, 'चुलत्यास दत्तक गेला, पाहा पान एकतीस.' मी एकतीस काढलं. तिथे किसन होताच, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, 'मूळ घराणे पाहा पान चौदा.' मी चौदा काढलं. आता तुम्ही म्हणाल, शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मी पत्रकाशी प्रामाणिक होतो आणि पत्रकात थांबा असं लिहिलेलं नव्हतं. चौदा, एकतीस, चौदा, एकतीस. दुपारी गेनू शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आला, थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, पुस्तकात काही सांडलंय का?"

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत मी पाचवं कलम लिहिलं. 'एकदा आलेले नाव पुन्हा आल्यास ते पुन्हा तपासू नये. तेथूनच मागे फिरावे.' नाव म्हणजे बापाच्या नावासकट पूर्ण नाव, असा खुलासाही खाली जोडला. मी काही कच्चा माणूस नव्हतो.

मामलेदारसाहेबांनी पत्रक दोनदा वाचलं. कोपऱ्यात 'उत्तम' असा शेरा मारला आणि त्याच्या प्रती काढून सगळ्या टेबलांना द्यायला सांगितलं. मी आयुष्यात कचेरीला एकच गोष्ट दिली आहे, आणि ती ही.

त्यानंतर भिवा सखा आला.

सुदुंबऱ्याच्या पलीकडे एक गाव आहे, नाव मुद्दाम सांगत नाही. तिथून तो पहाटे निघून चालत आला होता. चाळिशी ओलांडलेला, धुतलेला सदरा, काखेत छत्री. रामाच्या घराण्यातला. नदीच्या अंगाला त्याच्या वाट्याचा जमिनीचा एक तुकडा होता, आणि त्यात त्याने स्वतःच्या हातांनी विहीर खणली होती. मी अर्ज घेतला आणि सुनावणीची तारीख सांगितली. सुनावणीच्या आत वाट सापडली नाही तर तो तुकडा भावकीतल्या बाकीच्यांच्या नावावर चढेल आणि त्याचं नाव त्यात येणार नाही, हेही नियमाप्रमाणे सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "चार पिढ्या आमची नावं सरकारनं लिवली, भाऊसायेब. पर कामकरी म्हणून लिवली. आता एकदा धनी म्हणून लिवा. मग मी तुमाला तरास देत न्हाई."

मी म्हटलं, निश्चिंत राहा, आता आपल्याकडे पद्धत आहे.

पद्धतीने मी शोध सुरू केला. मूळ पुरुष रामा. तो भिवा सखा नाही. त्याचा थोरला मुलगा, सखा बिन रामा. तो नाही. त्याचा थोरला, भिवा बिन सखा. सापडला! अवघ्या तिसऱ्या पिढीत, पाच मिनिटांत. कलम एकप्रमाणे मी थांबलो आणि वाट लिहून काढली. मग त्याच्यापुढचा शेरा वाचला. 'मानमोडीच्या साथीत मयत.'

आता थांबा. तुम्ही ओळखलंत. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव देतात. भिवाचा मुलगा सखा, आणि त्याच्या मुलाचं नाव पुन्हा भिवा. आजा भिवा बिन सखा, नातूही भिवा बिन सखा. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत होतं, गेनू शिपायालाही माहीत होतं. पत्रकाला माहीत नव्हतं. आणि मी त्या वेळी पत्रकाच्या डोळ्यांनी बघत होतो. मी पत्र लिहिलं. 'अर्जदार हे मूळ पुरुषापासून तिसऱ्या पिढीत आढळून आले आहेत. तथापि ते मयत असल्याने त्यांच्या अर्जाचा विचार करता येत नाही. त्यांना तसे कळविण्यात येत आहे.'

त्यांना तसे कळविण्यात येत आहे. पत्ता अर्थात अर्जदाराचाच घातला.

आठ दिवसांनी तो पत्र घेऊन हजर. त्याने स्वतः ते अक्षर अक्षर जुळवून वाचलं होतं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "भाऊसायेब, मी मेलो असं हितं लिवलंय."

"कोणी लिहिलंय?"

"खाली तुमची सही हाय."

मी पत्राकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पत्राकडे. माणूस समोर उभा आहे, घाम पुसतोय. या प्रसंगी साध्या माणसाने काय केलं असतं? हसला असता, माफी मागितली असती, कागद फाडला असता. मी त्याला हयातीचा दाखला आणायला सांगितलं.

तो आणला त्याने. तलाठ्याची सही, शिक्का. सोबत तुकाराम नावाचा त्याचा चुलतभाऊ साक्षीला आला होता, बांधाला बांध लागून असलेला. मी त्याला विचारलं, हा इसम हयात आहे हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे का? तुकाराम म्हणाला, "व्हय तर. बांधावरनं रोज भांडतो मी ह्याच्याशी. मेलेल्या माणसाशी कोन भांडल?"

हे मी त्याचं म्हणणं म्हणून लिहून घेतलं. अक्षरशः. ती फाईल अजून असेल.

मग मी पत्रक सुधारलं. पहिल्या कलमात 'अर्जदाराचे असेल' याच्यापुढे 'व तो इसम हयात असेल' एवढे शब्द घातले. झालं, प्रश्न मिटला. मी पुन्हा रामापासून सुरुवात केली. सखा. भिवा, पण हा मयत, म्हणून पुढे. भिवाचा मुलगा सखा बिन भिवा. तो अर्जदार नाही, पुढे. त्याचा मुलगा भिवा बिन सखा.

आणि इथे मला पाचवं कलम आठवलं. एकदा आलेले नाव पुन्हा आल्यास ते पुन्हा तपासू नये. हे नाव दोन पायऱ्या वर येऊन गेलं होतं. बापाच्या नावासकट तेच. मी मागे फिरलो.

म्हणजे बघा, खऱ्या भिवा सखाच्या नावावर माझं बोट होतं. नखाखाली त्याचं नाव होतं. तिथून मी बोट उचललं आणि बाकीच्या झाडात त्याला शोधायला निघालो. रामाचे उरलेले तिन्ही मुलगे, त्यांच्या सगळ्या फांद्या, मोडीतली पानं, गिरणीत गेलेले, दत्तक गेलेले. आठ दिवस लागले. एकही पायरी गाळली नाही. पत्रकाची मला इतकी शिस्त लागली होती की जेवायच्या डब्यातही मी आधी थोरला कप्पा संपवून मग पाठच्याकडे जात असे.

शेवटी लिहिलं, 'सदर वंशावळीत अर्जदार या नावाची हयात व्यक्ती आढळून येत नाही. सबब अर्जदार या घराण्यात जन्मल्याचे दप्तरावरून दिसत नाही.' शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं. मला त्याची लय आवडली म्हणून घातलं. एक प्रत भावकीला माहितीसाठी गेली. तीत शेवटी होतं की सदर तुकडा तुकाराम वगैरेंच्या नावे दाखल करण्याचं योजलं आहे.

आधी तुकाराम आला, आणि तो चिडलेला होता. जमीन मिळतेय म्हणून माणूस चिडलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याला भिवाची जमीन नको होती. बांधावरून भांडायचं तर बांधाच्या पलीकडे कोणीतरी लागतं, असं काहीसं त्याचं म्हणणं होतं. शिवाय त्याला स्वतःची काळजी लागली होती. माझ्या टेबलावर वाकून त्याने विचारलं, "उद्या मी बी तुमच्या कागदात घावलो न्हाई तर? माजंबी नाव आज्याचंच हाय."

मी म्हटलं, तुमचं प्रकरण आलं की बघू. मनात मात्र पहिल्यांदा कुठेतरी काही हललं. पण माणसाला आपलं पत्रक मुलासारखं असतं. त्याचं कोणी वाईट बोललं की आधी बोलणाऱ्याचाच राग येतो.

भिवा दोन दिवसांनी आला. तो चिडलेला नव्हता. बाकावर बसला, छत्री मांडीवर आडवी ठेवली. मी कामात असल्याचं दाखवत होतो. तो बोलू लागला, माझ्याकडे न बघता.

"मेला म्हनून पत्र आलं, तवा घरात हसलो आमी. आता जन्मलोच न्हाई म्हनता. आई हाय माजी अजून. पोरीनं वाचून दावलं तिला. ती म्हनली, जा इचार त्या भाऊसायबाला, मग नऊ म्हैने मी पोटात काय वागवलं?"

मी एका फाईलची नाडी सोडून पुन्हा बांधली. तो पुढे म्हणाला, "दुसरं काय बी लिवा. धनी नका लिवू, चालंल. पर बापाचं नाव काडू नका माज्यामागनं."

त्या क्षणी मी जे म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही. गुरुवारी सुनावणी आहे, साहेबांसमोर म्हणणं मांडा, एवढं बोललो. तो गेला. गेनूने बाक पुसलं, विनाकारण, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. त्या संध्याकाळी गाडीत मी पुस्तक उघडलं नाही.

गुरुवार. मामलेदारसाहेबांसमोर तिन्ही पुस्तकं, भिवा, तुकाराम, आणि बाजूला पत्रक घेऊन मी. साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून नदीतले गुळगुळीत गोटे ठेवलेले असत, कारण मावळात वारा कोणाची परवानगी घेत नाही. मी पत्रक वाचून दाखवलं. मग वाट वाचली, रामापासून, प्रत्येक वळणासकट. वाचायला पाऊण तास लागला. माझा आवाज खणखणीत होता, पण मला तो दुसऱ्या कोणाचा वाटत होता.

साहेबांनी भिवाला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? भिवा म्हणाला, बोलून समजायचं न्हाई, ते गोटे घेऊ का? साहेबांनी मान हलवली.

त्याने पाच गोटे उचलले. त्याबरोबर तीन गावांचे अर्ज खिडकीतून आलेल्या वाऱ्यावर उडाले आणि गेनू त्यांच्यामागे धावला. भिवाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने एक गोटा स्वतःच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो मी. भिवा." त्याच्या पुढे दुसरा. "ह्यो माजा बा, सखा. ह्यो त्याचा बा, भिवा. मानमोडीत गेला त्यो. ह्यो त्याचा बा, सखा. आन् ह्यो रामा." पाच गोटे टेबलावर एका रेषेत उभे राहिले, थेट साहेबांच्या दौतीपर्यंत. भिवाने पहिल्या आणि तिसऱ्या गोट्यावर दोन बोटं ठेवली. "ह्या दोघांचं नाव एक हाय. पर गोटं दोन हायत, सायेब. भाऊसायबांनी नाव मोजलं, गोटं मोजलं न्हाईत."

मला एका क्षणात सगळं दिसलं. किसन दोन पानांवर होता, पण माणूस एकच. भिवा दोन पानांवर होता, आणि माणसं दोन. मी किसनसाठी केलेल्या कलमाने भिवाला पुसून टाकलं होतं. पण मला वाटलं, ठीक आहे, चूक झाली ती बारीक आहे. पाचव्या कलमात नावाऐवजी माणसाला क्रमांक द्यायचा, आणि पद्धत पुन्हा निर्दोष. मी तसं बोलायला तोंड उघडलंही.

तेवढ्यात साहेबांनी भिवाला विचारलं, "तुम्हाला ही वाट कोणी शोधून दिली?"

"शोधायची कशाला सायेब? माज्यापास्नं वर गेलो."

"म्हणजे?"

"वरनं खाली आलं तर पोरं लय. ह्याच्यात बघा, त्याच्यात बघा, माणूस चुकतोच. खालनं वर बाप एकच असतोय. चुकायचं कुटं?"

साहेबांनी सगळ्यांत नवं पुस्तक ओढलं. शेवटच्या पानांत भिवाचं नाव होतं, तलाठ्याने त्याच्यासमोर लिहिलेलं. नावामागे बापाचं पान. ते उलटलं. सखा. त्यामागे बापाचं पान. भिवा, मयत. दुसरं पुस्तक. सखा. मग मोडीतलं. रामा. दप्तरावरूनच, नियमाप्रमाणे, अर्जदाराच्या तोंडावर न विसंबता. पाच नोंदी. समोरच्या चहावर अजून साय धरली नव्हती.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. मग माझ्याकडे वळले.

"हे पत्रक किती टेबलांना दिलंत?"

"सात, साहेब. आपण त्यावर 'उत्तम' असं..."

"तो शेरा खोडा," ते म्हणाले. "आणि सातही प्रती परत घ्या. नाहीतर पावसाळ्यापर्यंत अर्ध्या तालुक्यात कोणी जन्मलेलं राहणार नाही."

मग त्यांनी हुकूम सांगितला आणि तो मला लिहून घ्यावा लागला. जमीन भिवा बिन सखा याच्या नावे, मालकीने. मी मालक हा शब्द लिहिला तेव्हा भिवा वाकून बघत होता. तो शब्द त्याने बोटाने माझ्याच कागदावर जुळवून वाचला, दोनदा. तुकारामने खाली साक्षीदार म्हणून सही केली आणि म्हणाला, आता बांधाचं बघू.

एकच रकाना उरला होता. पुढच्या वारसांची नावं. मी विचारलं, मुलगा आहे का? आहे म्हणाला, सात वर्षांचा. मी लेखणी बुडवली. तीन महिन्यांच्या अनुभवाने मी शहाणा झालो होतो. पाहा, आता चुकणार नाही. मी स्वतःच म्हणालो, "म्हणजे सखा भिवा."

"न्हाई," तो म्हणाला. "गौतम."

मी वर बघितलं. तो पहिल्यांदाच थोडा हसला. "छप्पन सालापास्नं आमी आज्याची नावं ठेवायचं सोडलं. तवा कारण येगळं हुतं. आता तुमचंबी कारण मिळालं."

चांगलं केलंत, मी म्हटलं, आणि लिहायला वाकलो. गौतम बिन भिवा. त्या घराण्याच्या तीन पुस्तकांत, शे-दोनशे नावांत, असं नाव कधीच आलेलं नव्हतं. मला ते पक्कं माहीत होतं, कारण ती सगळी पानं मी स्वतः आठ दिवस चाळली होती. आणि तरीही, देवाशपथ सांगतो, अक्षर उमटवायच्या आधी माझा डावा हात आपोआप मागची पानं उलटू लागला. आधी कुठे येऊन गेलंय का, ते बघायला.

भिवाने ते पाहिलं. उठलेला तो पुन्हा बाकावर बसला, छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"बघा, भाऊसायेब, सावकाश बघा," तो म्हणाला. "आमी थांबतो. आमाला सवय हाय."